सहरीच्या ताटातली कॅप्सूल

जठरात अग्निरूपाने राहून प्राणिमात्राचे अन्न पचविणाऱ्या परमेश्वरास वंदन करून, रमजान पुन्हा लागला आहे त्या निमित्ताने, जळगावच्या आमच्या लॅबमधील गतवर्षीची एक घटना सांगतो.

"नाना, काही प्यायचं असेल तर आज जमणार नाही. रोजा आहे," काउंटरपलीकडून सादिकभाई म्हणाले. ते गाद्या भरत; आमच्या घरच्या गाद्याही त्यांच्याच हातच्या. दोन महिने त्यांच्या पोटात जळजळ होती. डॉक्टरांना हेलिकोबॅक्टर या जंतूची शंका होती. हा जठराच्या अस्तरात राहतो आणि तेथे व्रण करतो. पोटात दुर्बीण न घालताही तो ओळखता येतो. एका तपासणीत युरियाचे द्रावण पाजून श्वास तपासतात. दुसरीत शौचाचा नमुना पाहतात.

"मग स्टूल टेस्ट करू."

"तुमची एकादशी बरी, नाना. साबुदाणा तरी चालतो. आमच्यात थेंब नाही!"

मी हसलो. फॉर्म भरताना विचारले, "औषध काही चालू?"

"रोज्यात कसलं औषध?"

उपवास करणाऱ्यास अधिक खोदून विचारणे मला अप्रशस्त वाटले. मी 'नाही' असे लिहिले. रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्यामुळे डॉक्टरांनी अँटिबायोटिक्सचा कोर्स दिला नाही.

ईदला ते धुळ्याला मुलीकडे गेले. तेथे रक्ताची उलटी झाली. दुर्बिणीने पाहिले तेव्हा मोठा व्रण दिसला. तपासणीसाठी काढलेल्या अस्तराच्या तुकड्यात तोच जंतू सापडला. तिसऱ्या दिवशी सादिकभाई गेले.

काही दिवसांनी त्यांच्या पत्नी शकीलाबी जुना रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आल्या. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी विचारले, "ते अ‍ॅसिडिटीची गोळी घेत होते का?"

"गोळी नाही, कॅप्सूल. पहाटे, रोजा सुरू व्हायच्या आधी, सहरीच्या ताटात मीच ठेवायची. दिवसभर जळजळ नको म्हणून."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "फॉर्मवर 'नाही' कुणी लिहिलं?"

"मी."

आम्ल कमी करणाऱ्या औषधाने जंतू मरत नाही. संख्येने घटतो आणि तपासणीच्या हाती लागत नाही. म्हणून ते औषध दोन आठवडे आधी थांबवावे लागते. हे मला ठाऊक होते. सादिकभाईंनी दिवसाचे उत्तर दिले. पहाटेचा प्रश्न मी केलाच नाही.

"मला वाटलं, रोजा आहे, तर..." मी म्हणालो.

शकीलाबी शांतपणे म्हणाल्या, "नाना, तुम्ही पुन्हा विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. रोजेदार माणूस खोटं बोलत नाही."

मॅडम मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

आता फॉर्मवर मी स्वतः तीन ओळी वाढविल्या आहेत: सकाळी काय घेता, रात्री काय घेता, औषध न मानता काय घेता. लोक कंटाळतात. मी विचारतो. दुसऱ्याच्या व्रताला हात जोडावे. प्रश्न मात्र अर्धा सोडू नये.

वाचकहो, तुमच्या घरातील लहानथोरांस प्रभू निरामय ठेवो. आणि कधी तपासणीची वेळ आलीच, तर पुरते विचारणारा माणूस समोर बसलेला असो.