आईला सांग, बाबांना सांग

आमचा बँड माझ्या तोंडामुळे बुडाला, असं दिल्लीतल्या मराठी मंडळींत आजही सांगितलं जातं. परवा एका लग्नात जेवणाच्या रांगेत माझ्या मागे उभे असलेले एक गृहस्थ दुसऱ्याला हेच सांगत होते. "मंडळाच्या कार्यवाहांशी भांडला, पोरीच्या वडिलांशी भांडला, झालं, संपलं." मी तिथल्या तिथे वळून त्यांच्याशी भांडलो, हे खरं आहे. पण बँड माझ्या भांडणाने बुडाला नाही. तो कसा बुडाला ते मी स्टेजवर ड्रमच्या मागे बसून स्वतः पाहिलंय, आणि तो धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी पहाडगंजात एका खोलीत वाढलो. वडील लवकर गेले. मराठी शाळा संपली तसा मी करोल बागेत मोटारींना टेप आणि स्पीकर बसवून देणाऱ्या दुकानात लागलो. बँडमधली बाकीची तिघं सरकारी क्वार्टरांत राहणारी, कॉलेजात जाणारी साहेबांची मुलं. गिटारवाला आणि सिंथेसायझरवाला सख्खे भाऊ होते. त्यांच्या मामाने परदेशातून कॅसेटी पाठवल्या होत्या. त्या संगीताला न्यू वेव्ह म्हणतात असं त्यांनी मला सांगितलं. यंत्राचा सरळ ताल, छोटी गाणी, आणि गाणाऱ्याने जराही भावविवश व्हायचं नाही. मला ते आवडलं. भाव न दाखवता समोरच्याकडून हवं ते काढून घेणं हा माझा रोजचा धंदा होता.

ताल, म्हणजे ड्रम आणि तालाचं यंत्र, माझ्याकडे होता, आणि बाकी सगळंही माझ्याकडेच होतं. सिंथेसायझर मी मिळवला. वकिलातीतलं एक कुटुंब देश सोडून चाललं होतं आणि घरातलं सामान विकत होतं. त्यांच्या सिंथेसायझरची एक पट्टी वाजत नव्हती. त्या मुक्या पट्टीवर मी इतका वेळ बोट दाबून उभा राहिलो की शेवटी बाईसाहेबांनी कंटाळून तो जवळजवळ फुकट दिला. मग आम्ही तो सूर टाळूनच गाणी बसवली. कॉलेजातले जाणकार म्हणायचे, "यार, तुम्हारी धुनें बड़ी अजीब हैं." आम्ही मान डोलवायचो.

पण बँड उभा होता तो आमच्या गाणाऱ्या मुलीवर. तीही क्वार्टरमधलीच, वडील मंत्रालयात अधिकारी. तिचा आवाज काही गोड नव्हता. स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतात, तशी ती गायची. चेहरा कोरा, हात खाली. न्यू वेव्हला लागणारी गायकी या मुलीला कुणी शिकवली, याचं आम्हाला नवल वाटायचं. गाणी तीच लिहायची, मराठीत. सगळ्यांत गाजलं ते हे:

आईला सांग, पाणी आलंय.
बाबांना सांग, भरून ठेवलंय.
आईला सांग, उशीर होईल.
बाबांना सांग, ताट झाकलंय.

बस, एवढंच, पुन्हा पुन्हा. कॉलेजांच्या महोत्सवांत पोरं यावर वेड्यासारखी नाचायची. एकाने तिला विचारलं, "ये जर्मन है क्या?" ती म्हणाली, "बिल्कुल." आणि तो मान हलवत निघून गेला.

एका हिवाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत आम्ही बरंच वाजवलं. मग टीव्हीवरच्या तरुणांच्या कार्यक्रमात आमची निवड झाली. त्या काळी टीव्हीवर दिसणं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही. भावांच्या घरून लगेच होकार आला. तिचे वडील मात्र नको म्हणाले. तेव्हा मी स्वच्छ शर्ट घालून त्यांच्या घरी गेलो. ते नाही म्हणाले तर बँड संपला, हे मला माहीत होतं, म्हणून मी पूर्ण तयारीने गेलो होतो.

"टीव्हीवर?" काका म्हणाले. "उद्या ऑफिसात मी काय तोंड दाखवू?"

"काका, तुमचे सगळे साहेब अभिनंदन करायला रांग लावतील."

"तू काय विकतोस रे?"

"स्पीकर."

"वाटलंच," काका म्हणाले. मग मुलीकडे वळले. "आईला सांग, पाहुण्यांना काहीतरी दे."

काकू स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या, माझ्यापासून दोन हातांवर. त्या तिथूनच म्हणाल्या, "बाबांना सांग, चिवडा काढलाय."

"बाबा, आई म्हणते चिवडा काढलाय," तिने सांगितलं. तसंच, कोऱ्या चेहऱ्याने, हात खाली.

"आईला सांग, साखर कमी घाल म्हणावं चहात."

"बाबांना सांग, माहीत आहे मला."

समोर आलेल्या चिवड्याचा पहिलाच घास माझ्या तोंडात तसाच राहिला. ते आमचं गाणं होतं. दोन माणसं एका खोलीत, एकमेकांना दिसतायत, ऐकू येतायत, आणि मधे ही पोरगी उभी राहून दोन्हीकडचं पोचवतेय. तिघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं. एवढ्या तयारीने आणलेला एकही मुद्दा मला आठवेना.

काकाच शेवटी म्हणाले, "हे बघ, येत्या गणपतीत आपल्या मंडळात गा. आपली माणसं ऐकू देत. त्यांना चाललं तर मला चालेल."

"चालेल," ती म्हणाली. इतक्या झटकन की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

जिन्यात मी तिला धरलं. "ते गाणं तुझ्या घरचं आहे?"

"मग काय शेजाऱ्यांच्या घरचं?"

"हे असं कधीपासून चाललंय?"

"आजोबा गेले तेव्हापासून. आईचे बाबा. बाबांनी तिला जाऊ दिलं नाही. तिकीट मिळत नाही, रजा नाही, आता जाऊन काय उपयोग, वगैरे. मी लहान होते."

"हे बघ, कॉलेजात कुणाला काही कळत नाही. गणपतीत समोर सगळे मराठी बसणार. तिथे ते गाणं नको. आपलं ते बसच्या रांगेचं गाणं म्हण."

"बरं," ती म्हणाली.

करोल बागेत इतकी वर्षं काढून मी त्या 'बरं'वर विश्वास ठेवला.

मग मी मंडळाच्या कार्यवाहांकडे गेलो. त्यांना भक्तिगीतं हवी होती. खूप ओढाताण झाली, आवाजही चढले, ते कबूल. शेवटी गणपतीचं एक गाणं आधी आणि मग आमची दोन, असं ठरलं. जागा मिळाली नाट्यगीतं आणि प्रसाद यांच्या मधली. ती मी मुद्दामच मागून घेतली होती, कारण प्रसादाआधी कुणी उठून जात नाही.

संध्याकाळी मांडव भरला. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. काका पहिल्या रांगेत, काकू पलीकडे मधल्या खुर्च्यांत. गणपतीचं गाणं झालं. टाळ्या पडल्या, बेताच्या. एक आजोबा म्हणाले, "मुलगी आजारी आहे का? जरा हसत म्हण की गं." लोक हसले. मी काकांकडे पाहिलं, तेही हसत होते. टीव्ही आपल्या खिशात आला, असं मला वाटलं.

मी बसच्या रांगेच्या गाण्याचा ताल यंत्रावर लावला. तिने माईक धरला आणि म्हणाली, "आईला सांग, पाणी आलंय."

मी मागून ओरडलो, "ए, काय करतेस?" तिने मागे पाहिलं नाही. बायकांमध्ये कुणीतरी खुदकन हसलं, दुसरीने तिला कोपराने ढोसलं. क्वार्टरांत भिंती पातळ असतात. काकांच्या घरचं सगळ्यांना माहीत होतं, फक्त आजवर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. काकांचं हसू उतरलं. काकू मांडीवरच्या पर्सचा बंद उघडत होत्या, लावत होत्या. 'ताट झाकलंय'पर्यंत गाणं आलं. मला वाटलं, आता एकदाचं संपेल. पण तिने एक नवं कडवं घेतलं, जे आम्ही तिघांनी कधी ऐकलं नव्हतं.

आईला सांग, माझं चुकलं.
आईला सांग, माझं चुकलं.
बाबांनी हे सांगितलं होतं.
मी आईला सांगितलंच नाही.

माझे हात थांबले. गिटार थांबली. तालाचं यंत्र मात्र चालू राहिलं, कारण ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

काकू उठल्या. खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत त्या पुरुषांच्या बाजूला आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"हे कधी म्हणाला होतात तुम्ही?"

अख्ख्या मांडवाने ते ऐकलं. काका उठून उभे राहिले. त्यांनी सवयीने स्टेजकडे, मुलीकडे पाहिलं. मग मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"तेव्हाच," ते म्हणाले. "त्याच आठवड्यात. मला वाटलं, तुला कळलंय आणि तू..."

काकू म्हणाल्या, "चला, घरी चला." ते दोघं मांडवाबाहेर गेले, काकू पुढे, काका मागे. प्रसादासाठीही थांबले नाहीत.

मांडवामागे मी तिच्यावर तुटून पडलो. "हे घरी सांगता येत नव्हतं? माझा बँडच मिळाला तुला?"

"नाही येत," ती म्हणाली. "बाबांचा मला राग आला होता तेव्हा. आईला रडताना बघून मला वाटलं, त्यांचा निरोप नाहीच सांगायचा. मग उशीर झाला. रोज उशीर होत गेला."

"आणि टीव्ही?"

"मी नाही गाणार आता."

"का? आता तर काका हो म्हणतील!"

ती रडत होती. तिचा चेहरा हलताना मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला कळलं की ती खरंच आता गाऊ शकणार नाही. त्या पावसाळ्यात ते तिघं रजा घेऊन काकूंच्या माहेरी गेले. टीव्हीची तारीख निघून गेली. भावांना नोकऱ्या लागल्या. मंडळात बभ्रा झाला तो माझ्या आरड्याओरड्याचा, कारण मांडवामागचं तेवढंच लोकांना नीट ऐकू आलं होतं.

बऱ्याच वर्षांनी, माझं स्वतःचं दुकान झाल्यावर, काका आणि काकू गाडीला टेप बसवायला आले. मला ओळखलं नाही. दारातूनच वाद चालू होता.

"अहो, एवढा मोठा स्पीकर काय करायचाय?"

"तुला ऐकू येत नाही म्हणून!"

"मला? कालच तुम्ही दोनदा बेल..."

एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होत होतं. मी काउंटरमागे नुसता ऐकत उभा राहिलो. मग काकूंनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तू तोच ना रे? ढोल वाजवायचास तो?"

"ड्रम," मी म्हणालो.

"अगं बाई, हो! छान होता हो तुमचा बँड. अजून चालू आहे का?"

त्यांनी ते अगदी मनापासून विचारलं. काका म्हणाले, "मग आता ओळखीत भाव कमी कर जरा."

मी भाव कमी केला नाही.