कोंडाजीबाबांचे टाके

हसायचं नाही हं, आधीच बजावते! भर ऑपरेशन थिएटरच्या दारात मी स्वतःची अब्रू कशी घालवली, ते सांगतेय.

नगरच्या एका दवाखान्यात माझं कोडिंगचं काम. म्हणजे पेशंटला काय झालं ते फाईलमधून शोधायचं आणि त्याचा ठरलेला कोड कॉम्प्युटरमध्ये टाकायचा. तेव्हा नुकतंच ट्रेनिंग झालेलं. ऑपरेशनची जखम पिकली तर एक कोड, टाके उसवले तर दुसरा! कोणाचा टाका उसवतोय याची मी वाटच बघत होते म्हणा ना.

तर राजूरकडचे कोंडाजीबाबा हर्नियाचं ऑपरेशन करून घरी गेले होते. आठवड्याने चौकशीचा फोन करायचा, तोही मीच. फाईलवर नंबर त्यांच्या पुतण्याचा, दिनकरचा.

"दवाखान्यातून बोलतेय. टाक्यातून पाणी वगैरे येतंय का?"

"लई येतंय मॅडम! चीर पडलीया ना."

चीर! माझ्या हातातलं पेनच थांबलं. "कसलं पाणी?"

"हिरवंगार. वास बी मारतंय."

"अगंबाई! पावडर टाकली का?"

"टाकली की. बादलीत कालवून."

बादलीत? "आणि चिरेचं काय केलंत?"

"सिमेंट भरलं. वाळलं की वरनं डांबर लावतो."

आता तुम्हीच सांगा, कुठल्याही शहाण्या बाईला इथे शंका यायला हवी की नको? मला नाही आली! मला वाटलं, गावठी उपाय असेल. मी ओरडले, "डांबर अजिबात लावू नका! बाबांना घेऊन आत्ताच्या आत्ता निघा!"

"बाबांना? त्यान्ला कशाला?"

"मग काय नुसते टाके पाठवणार आहात?"

फोन ठेवला आणि धावत सर्जनसाहेबांकडे. "सर, कोंडाजीबाबांचे टाके उसवलेत, पू झालाय, आणि आत सिमेंट आहे!"

"सिमेंट?" सरांनी चष्मा काढला.

"हो ना सर! आणि सिमेंटचा कोडच सापडत नाहीये मला!"

सरांनी दुसरं ऑपरेशन पुढे ढकललं. थिएटर तयार. तीन-चार तासांनी जीप आली. बाबा बिचारे पांढरेफटक! "आता काय कापायचं ऱ्हायलंय, सायेब?"

सरांनी बाबांचा सदरा वर केला. जखम कोरडी ठणठणीत. एक टाका हललेला नाही!

मी दिनकरकडे वळले. "अहो, सिमेंट कुठाय?"

"टाक्यात!"

"हे काय टाके!"

"हे न्हाई वो! आमच्या वाडीचं पिन्याच्या पान्याचं टाकं! मी पंचायतीचा पानीवाला. सरकारी दवाखान्याची मान्सं पान्यात टाकायच्या पावडरीचं इचारत्यातच. म्हनलं, तुमी बी तेच इचारताय."

डोंगरात पाण्याच्या हौदाला टाकं म्हणतात, हे मला कोण सांगणार? कुठल्या ट्रेनिंगमध्ये?

"अहो, मग बाबांना का आणलंत?"

"तुमीच वराडला की! मला वाटलं, त्ये हिरवं पानी बाबांच्या पोटात गेलं असंल."

सर शांतपणे खुर्चीत बसले. "मॅडम, फाईल घ्या. नोंद करायला हवी."

मी पेन काढलं.

"लिहा. जखम कोरडी. टाके शाबूत. ऑपरेशननंतरची गुंतागुंत… आहे."

"आहे? कुठे, सर?"

"कोडिंग विभागात."