आटेपर्यंत

मावशीच्या तोंडाला कुलूप नाही, असं सगळं हॉस्पिटल म्हणायचं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या आया तिच्या खोलीत दूध काढायला येत. पंपाची घरघर ऐकत भिंतीकडे बघत बसलं की बाईला रडू येतं आणि रडणाऱ्या बाईला पान्हा फुटत नाही, म्हणून मावशी बोलत राही. नवऱ्याच्या घोरण्यापासून मोठ्या डॉक्टरांच्या टकलापर्यंत तिला कुठलाच विषय वर्ज्य नव्हता.

एका पहिलटकरणीनं मात्र तिला जेरीस आणलं. बाळ तळहाताएवढं, काचेच्या पेटीत. हिनं कितीही वेळ पंप लावला तरी बाटलीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. एकदा ती वैतागून उठलीच. मला नाही जमत, दुसऱ्या कुणाचं दूध द्या त्याला, म्हणाली. मावशीनं तिला झापलं. थेंब येऊ दे नाहीतर अर्धा थेंब, त्याच्या पोटाला तुझंच मानवेल, खुर्ची सोडायची नाही. गरम फडकी, चोळणं, दटावणं, चुचकारणं, सगळं झालं. जाचच तो, पण मावशी हटली नाही. शेवटी एका सकाळी बाटली गळ्यापर्यंत भरली, आणि मावशीनं ती नर्सना दाखवत मिरवली.

त्याच आठवड्यात बाळाला जंतुसंसर्ग झाला आणि ते गेलं.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी दारात उभी राहिली. कपडे पुढून भिजलेले. मावशी हातातलं काम टाकून उठली.

"छातीचा दगड झालाय," पोरगी म्हणाली. "बंद करा हे."

एकदम बंद केलं तर गाठी धरतात, ताप भरतो. हे सांगताना मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "थोडं थोडं काढावंच लागेल गं. रोज कमी करत जायचं, मग आटेल."

"म्हणजे परत इथंच बसायचं?"

"हो."

ती बसली. मावशीनं पंप बाजूला सारला आणि हलक्या हातानं दूध उतरवलं. आलेलं दूध बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडला.

"त्या दिवशी मला उठू दिलं असतंत तर आज हे नसतं," पोरगी म्हणाली.

खरंच होतं ते. मावशीनं नळ बंद केला.

पोरगीनं कपडे सारखे केले, दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. "शेवटी शेवटी तरी तो माझंच प्यायला ना?"

"तुझंच," मावशी म्हणाली, आणि तिला उद्या सकाळी पुन्हा यायला सांगितलं.