शोभाताईंसाठी आलेला निरोप

मंडळी, आज दुपारची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

परळला आमची छोटी संस्था मोफत व्हॉइसमेल चालवते. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, त्यांना आम्ही प्रत्येकी वेगळा नंबर देतो आणि लोक त्यावर निरोप ठेवतात. तो त्यांना कुठल्याही फोनवरून ऐकता येतो.

नायगावच्या शोभाताईंच्या घरात एकच फोन, तोही नवऱ्याबरोबर ड्युटीवर जातो. कामासाठी आलेले फोन असेच चुकले आणि कामं दुसऱ्यांना मिळाली. म्हणून या वेळी दादरच्या एका पाळणाघरात स्वयंपाकाच्या कामासाठी त्यांनी आमच्याकडचा आपला नंबर दिला.

आज त्यांनी आमच्याकडे येऊन रिसीव्हर कानाला लावला आणि ऐकून हळूच खाली ठेवला. मला वाटलं, नकार आला.

"काय झालं, ताई?"

"सोमवारपासून या म्हणतायत. परत लाव गो, नीट ऐकू दे."

या वेळी मी निरोप स्पीकरवर लावला, आम्हा सगळ्यांसाठी.

मग त्या म्हणाल्या, "फोन करणाऱ्याला आधी माझं बोलणं ऐकू येतं ना, ते बदलायचंय." घसा साफ करून त्यांनी नवं रेकॉर्ड केलं, "मी शोभा बोलतेय. सध्या कामावर आहे. निरोप ठेवा, संध्याकाळी ऐकते."

तुमच्या ओळखीत कुणाचे असे फोन चुकतायत का?