भंगारवाल्याचा फोन

दुसरबीडच्या रस्त्यावर त्याचं भंगाराचं दुकान आहे. तो हळू बोलतो आणि वाक्यागणिक ‘भाऊ’ म्हणतो. शिवारातून चोरीला गेलेल्या केबली त्याच्याकडेच खपतात, असं गावात सगळे म्हणत. त्यामुळे मी त्याच्याशी जपूनच वागायचो.

मागच्या महिन्यात विहिरीवरची माझी मोटार चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला.

"भाऊ, मोटारीवर तुमचं नाव रंगवलेलं हाय. विकणाऱ्याले आधारकार्ड मागतलं, तं तो मोटार टाकून पळाला. पोलिसायले कळवलं, तुमीबी या."

मी गेलो तेव्हा पोलीस पंचनामा करत होते. मोटार माझीच होती. पोलीस ती जप्त करून गेल्यावर मी विचारलं, "आधी तं तुमी कोणालेच काही विचारत नव्हते?"

"नव्हतोच विचारत, भाऊ," तो म्हणाला. "वकील म्हणे, चोरीचा माल घ्यायची सवयच असली तं नव्या कायद्यात जन्मठेपबी होऊ शकते. त्या भेवानं विचारू लागलो. आता भेव गेलं, पण विचारल्याबिगर माल घेववत नाही."

मोटार लगेच मिळणार नव्हती, तरी मी त्याच्या बाकड्यावर बसलो आणि पहिल्यांदाच त्याचा चहा घेतला.