बाजारातली मोकळी जागा

या पानावर लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव नात मला वाचून दाखवते. बहुतेकांना मी हसतो. जन्मभर डॉक्टरकी केली. अंगात येणारे, झपाटलेले असे कितीतरी तपासले आणि कुणाला फेफरं, कुणाला साधी कावीळ निघाली. भुताखेतांवर तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. पण एक गोष्ट राहून गेली आहे... तिच्यात भुतापेक्षा माझी चूक मोठी, म्हणून इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. आता नात टाइप करते आहे, मी बोलतो आहे.

एकसष्ट-बासष्टचा उन्हाळा असेल. यवतमाळला नवा दवाखाना टाकला होता आणि एका म्हाताऱ्या वकिलांकडून त्यांची जुनी काळी मोटार घेतली होती. लग्न व्हायचं होतं, त्यामुळे सगळा जीव त्या गाडीत. रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचो. आई म्हणायची, उद्या बायकोला याच्या निम्मं जपलंस तरी पुष्कळ.

दर मंगळवारी मी मारेगावच्या पुढच्या एका गावी बाजाराला जायचो. गावाचं नाव देत नाही, या गोष्टीतल्या लोकांच्या घरची माणसं अजून तिथेच आहेत. शाळेच्या ओसरीवर टेबल टाकून पेशंट बघायचे. बाजारात बैलगाड्यांची ही गर्दी! पाय ठेवायला जागा नसे. पण विहिरीपलीकडे, निंबाच्या सावलीत, दहा-बारा गाड्या सहज मावतील एवढी जागा कायम मोकळी. लोक भर उन्हात बैल सोडत, तिथे कुणी जात नसे. मी मनात म्हटलं, या लोकांना सावलीसुद्धा कळत नाही. आणि गाडी तिथे लावली.

त्याच दिवशी सोमला नायक आला. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख; हा जवळच्या बंजारा तांड्याचा. साठीचा, ताठ, पांढरा पटका, कमी बोलणारा. त्याच्या सुनेला मी औषध देत होतो, म्हणून ओळख. म्हणाला, "डाक्टरसाहेब, गाडी तिथं नका ठेवू. ते आमच्या लदेणीच्या बैलायची बसाची जागा होय."

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचा त्यांचा जुना धंदा. त्याच्या आज्याच्या काळातच तो संपला होता. मी हसून म्हटलं, बैल आले की काढतो गाडी. तो हसला नाही.

संध्याकाळी बघतो तर डाव्या दारावर तीन लांब ओरखडे. पत्रा दिसेपर्यंत खोल. काय वाटलं ते सांगता येत नाही... गाडी ठोकली गेली तर माणूस समजू शकतो. पण कुणीतरी मुद्दाम, आपली पाठ वळल्यावर, आपल्या वस्तूला असं करतं... त्या रात्री जेवलो नाही. यवतमाळच्या पेंटरकडून दार करून घेतलं. पुढच्या मंगळवारी हट्टाने गाडी तिथेच लावली. परत ओरखडे. दर वेळी दार नवं करून घ्यायचो, आणि तिसऱ्या मंगळवारीही तेच.

माझं डोकं फिरलं. तिथे गाडी नको म्हणणारा माणूस एकच होता. चौथ्या मंगळवारी गावात शिरलो तो थेट पोलीस चौकीत. जमादार ओळखीचे, त्यांच्या मुलाचा टायफॉइड मी बरा केला होता. मी सोमलाचं नाव सांगितलं. पुरावा त्यांनी विचारला नाही आणि मीही दिला नाही. भर बाजारातून शिपाई त्याला घेऊन आला. तांड्यातल्या बायका भाजी घेता घेता उभ्या राहून बघत होत्या. त्याला चौकीत जमिनीवर बसवलं आणि मी गाडी पुन्हा निंबाखाली लावली, तेव्हा माझ्या समाधानासाठी दुसरा शिपाई तिच्याजवळ उभा केला.

दुपारी तीनच्या सुमारास तो शिपाई ओसरीवर आला. त्याचा चेहरा उतरला होता. मी पेशंट तसाच सोडून त्याच्याबरोबर गेलो. दारावर तीन ओरखडे, ताजे. "मी हाललो नाई जी इथून," तो म्हणाला. "कोणीच आलं नाई. गाडी तेवढी हालली... ढोर घासून जाते ना, तशी."

मी खाली वाकून पाहिलं. ओरखड्यांत लाल रंग होता. बोट लावलं तर बोटाला आला. हिंगूळ. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो. पोळा होऊन आठ-नऊ महिने झाले होते, आणि हा रंग ओला होता. दाराची काच बाहेरून धूसर झाली होती. वैशाखातली दुपार, सावलीतही पत्र्यावर हात ठेववत नव्हता, आणि काचेवर कुणी अगदी जवळून श्वास सोडावा तशी वाफ... ती माझ्या डोळ्यांदेखत विरली.

भीती वाटली, हो. पण त्याहून वाईट दुसरंच वाटलं. सोमला त्या वेळी जमादारांच्या समोर बसलेला होता.

मी चौकीत धावलो. नायक, चूक झाली, म्हटलं. त्या माणसाला नायक म्हणून हाक मारायची माझी ती पहिलीच वेळ. तो सावकाश उठला, धोतराची धूळ झटकली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "तुमच्या गाडीले पेंटर रंग देईन, साहेब. मले कोण देईन?"

पुढच्या मंगळवारी गाडी गावाबाहेर उन्हात लावली. चालत बाजारात आलो आणि त्या मोकळ्या जागेवर उभा राहून, सगळ्यांसमोर, हात जोडून त्याची माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि निघून गेला. तांड्यातले पेशंट माझ्याकडे येत राहिले, तोच पाठवायचा. स्वतः मात्र आला नाही. शेवटच्या आजारात त्याला बैलगाडीतून पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं, माझ्या ओसरीसमोरून, न थांबता.

आजवर पुष्कळ खुलासे करून पाहिले. शिपायाचा डोळा लागला असेल. एखादं मोकाट जनावर असेल, उन्हाने मला भास झाला असेल. एकही पूर्ण बसत नाही, आणि ओल्या हिंगुळापाशी तर सगळेच अडतात. दार मी पुन्हा रंगवलं नाही. चार वर्षांनी गाडी विकायला काढली तेव्हा पेंटर म्हणाला, एवढं दार करून टाकू, किंमत चांगली येईल. मी नको म्हटलं.

ते ओरखडे कुणी ओढले, मला आजही माहीत नाही. सोमला नायकाला चौकीत कुणी बसवलं, ते माहीत आहे.