सांधा धरला, हाड गेलं

पाचरमामांनी केलेलं स्टूल गिऱ्हाइकाच्या घरी कधी मोडलं नाही. मोडायचंच असेल तर ते मामांच्या बुडाखाली मोडायचं. वस्तू तयार झाली की तिच्यावर तीनदा धपकन बसायचं, मगच ती दुकानाबाहेर जायची, असा त्यांचा नेम. खुर्ची असो, बाक असो, नाहीतर कुणाच्या नातवाचं घोड्याचं खेळणं. एकदा त्या घोड्यावर ऐंशी किलोचे मामा बसलेले बघून घोड्याचा धनी भोकाड पसरून रडला होता.

पाचर हे नाव त्यांना सुतारकामामुळे पडलं नव्हतं. कुणाचंही बोलणं सरळ चाललेलं त्यांना बघवत नसे. मध्ये पाचर मारलीच म्हणून समजा.

चाळीस वर्षं माणूस उभ्यानं जगला. डावा पाय पुढे, सगळा भार त्याच्यावर, आणि रंधा सर्रकन पुढे. त्या चाळीस वर्षांनी डाव्या गुडघ्याची वाट लावली. आधी जिना चढताना कळ यायची, मग उतरताना, मग नुसतं उभं राहिलं तरी. शेवटी अर्ध्या तासात बाकड्याची कड धरायची पाळी आली. मामी म्हणाल्या, "अहो, बसून करा की."

"बसून रंधा मारायला मी काय पंगतीला बसलोय?"

म्हणजे पाय हवा होता तो देवदर्शनाला नको, फिरायला नको. बाकड्यापाशी उभं राहायला हवा होता. डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी हेच सांगितलं. बाई म्हणाल्या, गुडघा बदलू, पण आधी हाडांची तपासणी करू. मामा यंत्राखाली पडून आले. कागद बघून बाईंनी चष्मा काढला.

"मामा, दम्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय?"

"भुसा नाकात जायला लागला तेव्हापासून. झाली असतील पंधरा. दम लागला की घ्यायच्या, नाही लागला तरी घ्यायच्या."

"त्या गोळ्यांनी हाडं विरळ केलीत."

"हा तर बायकांचा रोग ना?"

"हाडाला काय कळतंय बाई का बुवा?"

मामांनी बोटानं आपल्याच नडगीवर टकटक केलं. मग म्हणाले, "म्हणजे घूण लागलेलं लाकूड."

"तसंच समजा. असं लाकूड आलं तर तुम्ही काय करता?"

"गिऱ्हाइकाला परत पाठवतो."

"मी परत नाही पाठवत. सहा महिने थांबवते." हाड भरायची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मामांनी ती सहा महिने इमानानं घेतली. एकही चुकवली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. बाईंनीही हातचं राखलं नाही. गुडघा बदलताना हाडात खोलवर जाणारा लांब दांड्याचा धातूचा सांधा घातला, सिमेंटनं पक्का केला. घरी सोडताना बजावलं, "धातूला काही होत नाही. त्याच्या शेजारचं हाड कच्चं आहे. तीन महिने काठीशिवाय पायरी नाही, पडणं तर नाहीच."

आणि दुखणं गेलं, अगदी पार गेलं. सहाव्या आठवड्यात मामा काठी नुसती शोभेला धरल्यासारखे घरभर फिरायला लागले. दुकान घराला लागूनच, मध्ये दोन पायऱ्या. खाली लेक काम करायची. चांगल्या हाताची सुतारीण, बापापेक्षा कमी बोलणारी. रंध्याचा आवाज वर यायचा आणि मामांचा जीव खालीवर व्हायचा.

एके सकाळी मामी बाजारात गेल्या होत्या. मामा पायऱ्यांपाशी आले. गुडघा दुखत नव्हता हे खरं, पण तो पक्का आहे हे कुणी बघितलं होतं? बाईंनी सांध्यावर बसून थोडंच पाहिलं होतं! काठी भिंतीला टेकवली. एकदा नुसता त्या पायावर भार दिला. धरला. दुसऱ्यांदा वाकवून दिला. धरला. तिसऱ्यांदा वरच्या पायरीवरून त्याच एका पायावर धपकन उतरले.

आवाज लेकीला खाली ऐकू आला. उभ्या रेषेत फळी फाटते तसा. ती धावत आली तर बाप जमिनीवर, तोंड पांढरंफटक, आणि दातांवर दात दाबून सांगतोय, "सांधा नाही गेला. वरचं गेलं."

फोटोत तेच निघालं. नवा सांधा जागच्या जागी, त्याच्या वर मांडीचं हाड तिरकं फाटलेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "मामा, स्टूल मोडलं तर दुसरं करता येतं," एवढंच म्हणाल्या. पुन्हा भूल, धातूची लांब पट्टी, चौदा स्क्रू. आणि त्या हाडात स्क्रू किती धरतील याची खात्री कुणालाच नव्हती. मग तीन महिने पलंग. मांडी वाळून काटकी झाली. मामी अंग पुसताना म्हणायच्या, "मोडून बघायला जगात दुसरी वस्तू नव्हती?" आणि तोंड फिरवून कपडा पिळायच्या.

हाड जुळायला आठ महिने लागले. जुळलं, पण किंचित तिरपं. शेवटच्या तपासणीला मामांनी एकच विचारलं, "बाकड्यापाशी उभं राहता येईल?"

"काठी घेऊन चालाल. उभं राहाल पंधरा मिनिटं. रंधा मारण्याइतका भार त्या पायावर कधीच नको."

"कधीच?"

"कधीच."

घरी आल्यावर कपडे न बदलता ते दुकानात उतरले. एकेक पायरी, लेकीचा खांदा धरून. खुर्चीत बसून बराच वेळ तिचं काम बघत राहिले. बाकडं त्यांच्या उंचीला बेतलेलं. लेक ठेंगणी. नऊ वर्षं ती पायाखाली फळी घेऊन उभी राहत होती आणि दर चार हात सरकलं की फळी पायानं ढकलत होती. बापानं हे रोज पाहिलं होतं.

"पाय काप त्या बाकड्याचे," मामा म्हणाले.

लेकीला वाटलं, बसून काम करायचं म्हणतायत. "बाबा, एवढं खाली केलं तर माझी पाठ जाईल."

"माझ्यासाठी नाही. ती फळी काढ आणि सरळ उभी राहा."

ती उभी राहिली. मामांनी खुर्चीतूनच वाकून तिच्या कोपरापासून माप घेतलं, पेन्सिलीनं चारी पायांवर खुणा केल्या. बाकडं चार बोटं जास्त उंच होतं. लेक करवत घेऊन थबकली. "एकदा कापलं की परत जोडता येणार नाही हं, बाबा."

"सुतार आहे मी, मला शिकवतेस? खुणेच्या बाहेरून धर, करवतीची जाडी सोड."

दोघांनी मिळून बाकडं आडवं केलं, म्हणजे लेकीनं केलं आणि मामांनी कड धरली. चौथा पाय कापून झाला तेव्हा मामी दारात येऊन उभ्या होत्या. बाकडं सरळ केलं, लेकीनं रंधा उचलला आणि एक लांब हात मारला.

मामांनी पटाशीसाठी हात पुढे केला. "आण इकडे. बसल्याबसल्या धार तरी लावतो."